पेटंटवर लक्ष ठेवणारी कायमची समिती आपल्या संसदेत का नसावी?

मंजिरी_द
नमस्कार. मी पुण्यात एका अभियांत्रिकी कंपनीच्या पेटंट विभागात ११ वर्षे काम करते आहे. नव्याने रुजू झालेल्या मुलांसाठी टिपण तयार करताना अमेरिकी काँग्रेसच्या जुन्या समित्यांची यादी चाळत होते, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तिथे सिनेट आणि प्रतिनिधिगृह या दोन्ही सभागृहांत केवळ पेटंट या विषयासाठी स्वतंत्र समिती होती. दोन्ही समित्या सप्टेंबर १८३७ मध्ये नेमल्या गेल्या आणि १९४६ च्या पुनर्रचनेपर्यंत चालल्या, म्हणजे १०९ वर्षे.

आपल्याकडे मात्र पेटंटचा कायदा बदलायची वेळ आली की त्या विधेयकापुरती संयुक्त किंवा प्रवर समिती नेमली जाते, ती साक्षी घेते, अहवाल देते आणि विसर्जित होते. लोकसभाच विसर्जित झाली तर विधेयकही व्यपगत होते, म्हणजे आपोआप निकालात निघते. १९६५ च्या विधेयकाचे असेच झाले. संयुक्त समितीने १ नोव्हेंबर १९६६ ला अहवाल दिला, त्यावर चर्चा व्हायच्या आत मार्च १९६७ मध्ये तिसरी लोकसभा संपली आणि १९६७ मध्ये नवे विधेयक, नवी समिती असा सगळा खटाटोप पुन्हा करावा लागला.

माझे म्हणणे असे की इतक्या गुंतागुंतीच्या विषयाला कायमची समिती हवी, कारण तिच्याकडे पूर्वीची आठवण राहते. आपल्याला काय वाटते?

जुनी_फाईल
मंजिरीताई, विषय मोलाचा आहे, पण तुमच्या गृहीतकाशी मी सहमत नाही. मी विधिमंडळ सचिवालयाच्या समिती शाखेत २८ वर्षे काढली. समितीची आठवण सदस्यांच्या डोक्यात नसते, ती कागदात असते. सदस्य दर वर्षी बदलतात, अध्यक्ष बदलतात, पण साक्षीचा शब्दशः वृत्तान्त तसाच राहतो. १९६७ चे विधेयक कोऱ्या पाटीवर लिहिलेले नव्हते, १९६६ च्या अहवालाच्या पायावरच ते उभे राहिले. त्यामुळे ‘सगळे पुन्हा करावे लागले’ हे म्हणणे अर्धेच खरे आहे.

पोटोमॅककाठी
मी व्हर्जिनियात राहतो, त्यामुळे अमेरिकी समितीबद्दल थोडे लिहितो.

तिचा जन्म कसा झाला हे पाहिल्याशिवाय ती का हवी होती हे कळत नाही. १७९० च्या पहिल्या कायद्यात पेटंट द्यायचे की नाही हे तीन माणसे ठरवत: परराष्ट्रमंत्री जेफर्सन, युद्धमंत्री नॉक्स आणि महान्यायवादी रँडॉल्फ. देशाचा कारभार सांभाळणाऱ्यांनी लाकडाच्या राखेपासून पोटॅश काढायची कृती तपासत बसायचे, हे चालण्यासारखे नव्हतेच. (पहिले पेटंट त्याच कृतीला मिळाले, ३१ जुलै १७९० ला.) मग १७९३ चा कायदा दुसऱ्या टोकाला गेला. तपासणीच बंद झाली; अर्ज करा, शुल्क भरा, पेटंट घ्या. तेच यंत्र किंचित बदलून दोघे-तिघे पेटंट घेत, आणि खरा शोध कोणाचा याचा निवाडा न्यायालयाच्या गळ्यात पडे.

मेन राज्याचे सिनेटर जॉन रगल्स यांनी या गोंधळाच्या चौकशीसाठी समिती मागितली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. त्यांच्या अहवालातून ४ जुलै १८३६ चा कायदा आला, अर्ज तपासणारे स्वतंत्र कार्यालय उभे राहिले आणि क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झाले. त्यानंतर पाच महिन्यांनी, १५ डिसेंबर १८३६ च्या पहाटे, ब्लॉजेट्स हॉटेल नावाच्या ज्या इमारतीत हे कार्यालय होते ती जळाली. आधीच्या ४६ वर्षांतली सुमारे १०,००० पेटंटे आणि ७,००० च्या आसपास नमुने राख झाले. काँग्रेसने मार्च १८३७ मध्ये नवा कायदा करून शोधकांकडच्या प्रती मागवल्या, तरीही परत मिळाली ती जेमतेम २,८००. सप्टेंबरमध्ये ज्या स्थायी समित्या आल्या त्या या राखेवर उभ्या आहेत. दस्तऐवज जपायला, नमुन्यांना जागा द्यायला, कार्यालयाला पैसे द्यायला कोणीतरी कायमचे जबाबदार असणे त्यांना गरजेचे वाटले.

नांगरट
जॉन रगल्स यांना स्वतःलाही पेटंट मिळाले होते ना?

पोटोमॅककाठी
होय. नव्या क्रमवारीतले पहिलेच पेटंट त्यांचे आहे, १३ जुलै १८३६ चे. चढावर आगगाडीच्या इंजिनाची चाके घसरू नयेत म्हणून केलेली रचना होती.

अ‍ॅड_केतकी
मला हे खटकते. कायदा लिहिणाऱ्याने नऊ दिवसांत त्याच कायद्याखाली पहिले पेटंट घ्यावे, हे औचित्याला धरून नाही. कायमच्या समितीचा मुख्य धोका मला इथेच दिसतो. ज्यांना विषयात स्वारस्य असते तेच अशा समितीवर जातात, आणि ज्यांचा हितसंबंध असतो तेच तिच्या दाराशी उभे राहतात.

त्या समित्यांसमोर आलेल्या कामाचा केवढा भाग खासगी अर्जांचा होता, हे पाहावे. पेटंटची मुदत संपत आली की शोधक, आणि पुष्कळदा शोधकाकडून हक्क विकत घेतलेली कंपनी, काँग्रेसकडे जाऊन ‘आमच्यापुरती मुदत वाढवा’ असा खास कायदा मागत असे. पिस्तूलवाल्या सॅम्युएल कोल्ट यांचे १८५४ चे प्रकरण प्रसिद्ध आहे. एकदा मुदतवाढ मिळालेली असताना त्यांनी आणखी सात वर्षे मागितली. त्यांच्या माणसांनी प्रतिनिधींना सजवलेली पिस्तुले भेट दिल्याचे उघड झाले, एका प्रतिनिधीच्या लहान मुलालाही पिस्तूल मिळाले होते. चौकशीसाठी प्रतिनिधिगृहाला वेगळी खास समिती नेमावी लागली. मुदतवाढ मिळाली नाही, ही समाधानाची बाब. पुढे १८६१ मध्ये मुदत सरसकट १७ वर्षे झाली आणि नव्या पेटंटांना कार्यालयाकडून मुदतवाढ मिळायचा मार्ग बंद झाला.

जुनी_फाईल
केतकीताईंचा मुद्दा रास्त आहे. एकाच विषयाची समिती असली की त्या विषयातले बलवान लोक तिला सरावतात. दहा विषय सांभाळणाऱ्या समितीला वेळ कमी मिळतो, पण तिच्यावर एकाच व्यवसायाचा पगडा बसत नाही.

स्वरसाधक
या धाग्यावर मी वाचक म्हणूनच आलो होतो, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॉपीराइटही याच समित्यांकडे होते, आणि संगीताच्या इतिहासातली एक मोठी सुनावणी पेटंट समितीसमोरच झाली.

जून १९०६ मध्ये बँड संगीताचे नामवंत रचनाकार जॉन फिलिप सूसा दोन्ही समित्यांच्या एकत्र बैठकीपुढे आले. आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या कागदी गुंडाळ्या आणि तबकड्या यांतून त्यांच्या रचना सर्रास विकल्या जात होत्या, पण रचनाकाराला एक छदामही मिळत नव्हता. त्यांनी आपल्या लहानपणीच्या उन्हाळी संध्याकाळींचे वर्णन केले, घरोघरी ओसरीवर तरुण मुले जमून गात असत ते. ही बोलकी यंत्रे अशीच वाढली तर माणसाचा गळाच झडून जाईल, अशी भीती त्यांनी घातली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मार्क ट्वेन पांढरा सूट घालून साक्षीला आले आणि कॉपीराइटची मुदत वाढवावी म्हणून बोलले.

माझे गुरुजी सांगत, की तबकडीवर गायचे म्हणजे तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा करावा लागे. आपल्याकडच्या कलावंतांनी ते आव्हान पेलले, पण त्या तबकडीच्या प्रत्येक प्रतीवर आपला हक्क असू शकतो, हे किती जणांना ठाऊक होते? म्हणून ती साक्ष वाचताना मला गलबलून येते.

मंजिरी_द
स्वरसाधक, मनापासून आभार. त्या सुनावणीचा शेवट आपल्या मूळ विषयाला अगदी जवळचा आहे, म्हणून सांगते. फेब्रुवारी १९०८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पियानोची गुंडाळी ही स्वरलिपीची ‘प्रत’ ठरत नाही. आता रचनाकाराला हक्क द्यायचा तर कायद्यानेच द्यावा लागणार होता. पण एओलियन नावाच्या कंपनीने बऱ्याच प्रकाशकांशी आधीच करार करून ठेवले होते, त्यामुळे पूर्ण हक्क दिला असता तर सगळे यांत्रिक संगीत एकाच कंपनीच्या मुठीत गेले असते. १९०९ च्या कायद्याने मधली वाट काढली. रचनाकाराने एकदा परवानगी दिली की इतर कोणीही ती रचना यंत्रावर उतरवू शकेल, मात्र प्रत्येक प्रतीमागे त्याने दोन सेंट द्यायचे.

हा सक्तीचा परवाना आहे. शोधक किंवा रचनाकार नाही म्हणू शकत नाही, पण त्याला मोबदला मिळतो. आपल्या १९७० च्या कायद्यात औषधांच्या बाबतीत हीच कल्पना मध्यवर्ती आहे.

रसायनी
औषधांचा विषय निघालाच आहे तर परळची गोष्ट सांगायला हवी.

हाफकिन संस्थेने टॉलब्युटामाइड या मधुमेहावरच्या औषधाची आपली पद्धत विकसित केली आणि तिच्या आधारे मुंबईच्या युनिकेम कंपनीने उत्पादन सुरू केले. हेक्स्ट या जर्मन कंपनीचे त्या औषधाच्या कृतीवर १९११ च्या कायद्याखाली पेटंट होते. तिने दावा लावला आणि मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती विमादलाल यांनी १९६८ मध्ये हेक्स्टच्या बाजूने निकाल दिला. जर्मन कंपनीच्या पेटंटातला दावा इतका व्यापक होता, की त्याच पदार्थाकडे नेणारी जवळपासची प्रत्येक वाट त्यात येत असे.

माझे वडील तेव्हा दुसऱ्या एका प्रयोगशाळेत कनिष्ठ रसायनतज्ज्ञ होते. निकालानंतर त्यांच्या वरिष्ठांनी सगळ्यांना बोलावून सांगितले, की नव्या कृतीवर काम सुरू करण्यापूर्वी परदेशी पेटंटांची यादी तपासा. वडील प्रत्येक कृतीच्या वहीत डाव्या पानावर प्रयोग आणि उजव्या पानावर लाल शाईने पेटंट क्रमांक लिहीत. ती वही आमच्याकडे आहे. काही पानांवर उजवी बाजू इतकी भरलेली आहे, की डावीकडे प्रयोगाच्या दोनच ओळी आहेत आणि खाली ‘सोडून दिले’ असे लिहिले आहे.

हा खटला चालू असतानाच दिल्लीत संयुक्त समितीसमोर साक्षी होत होत्या. म्हणून मला त्या समितीकडे कोरडेपणाने पाहता येत नाही.

पोटोमॅककाठी
रसायनी, त्या वहीचे वर्णन वाचून थांबलो. त्या काळाचा एक अमेरिकी धागाही इथे जोडतो. १९४६ च्या पुनर्रचनेत प्रतिनिधिगृहाच्या ४८ स्थायी समित्यांच्या १९ झाल्या आणि सिनेटच्या ३३ च्या १५. पेटंट समित्या बंद होऊन विषय न्यायविषयक समितीकडे गेला. पण त्याच न्यायविषयक समितीची मक्तेदारीविरोधी उपसमिती सिनेटर केफॉव्हर यांच्या अध्यक्षतेखाली डिसेंबर १९५९ पासून औषधांच्या किमतींची चौकशी करू लागली. तिच्या अहवालात भारताचा उल्लेख आहे: दरडोई उत्पन्न इतके कमी आणि औषधांच्या किमती जगातल्या सर्वांत चढ्या देशांच्या पंक्तीत. पुढे भारतातल्या चर्चेत हे वाक्य सतत उद्धृत झाले.

इथे तुमच्या प्रश्नाला उलटे उत्तर मिळते, मंजिरीताई. १०९ वर्षे पेटंट समिती होती तेव्हा नव्हे, ती बंद झाल्यावर मक्तेदारीचा विषय पाहणाऱ्या उपसमितीने औषधांच्या पेटंटांवर कठोर प्रश्न विचारले.

अ‍ॅड_केतकी
हे पूर्ण खरे नाही, आणि मी त्या समित्यांवर टीका केली असली तरी त्यांची बाजू मांडायला हवी. १९१२ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीचे अध्यक्ष ओल्डफील्ड यांनी पेटंटच्या जोरावर ग्राहकाला दुसरा मालही आपल्याकडूनच घ्यायला लावण्याच्या प्रथेवर सुनावण्या घेतल्या होत्या. १९४२ मध्ये सिनेटर बोन यांच्या समितीने तर युद्ध चालू असताना पेटंट आणि आंतरराष्ट्रीय व्यापारी संगनमत यांची चौकशी केली. मलाया जपानच्या ताब्यात गेला होता, नैसर्गिक रबर मिळेना, आणि कृत्रिम रबराचे ज्ञान स्टँडर्ड ऑइल आणि जर्मनीची आय. जी. फार्बेन यांच्या करारांत अडकलेले होते. कायमची समिती मिंधी होऊ शकते हे मी म्हटले, ती नेहमीच मिंधी असते असे म्हटलेले नाही.

नांगरट
मी सांगली जिल्ह्यात शेती करतो आणि अवजारे बनवतो. उसाच्या सरीत खत पेरायचे एक अवजार मी तयार केले होते. अर्ज करण्याआधीच ते एका प्रदर्शनात चार दिवस मांडले, लोकांनी मापे घेतली, फोटो काढले. नंतर कळले की शोध जाहीर झाला की नावीन्य संपते. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसाठी सवलत आहे, पण ते प्रदर्शन त्यांतले नव्हते. हे मला आयोजकांपैकी कोणीही सांगितले नव्हते.

मला एवढेच विचारायचे आहे, की या समित्यांसमोर माझ्यासारखा माणूस कधी साक्षीला गेला का? वर औषध कंपन्या, पिस्तुले, संगीतकार सगळे आले. शेतकरी कुठे आहे?

जुनी_फाईल
नांगरट, तुमचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे असे मी समजतो.

प्रक्रिया सांगतो. विधेयक समितीकडे गेले की सूचना मागवणारे निवेदन वृत्तपत्रांत येते. कोणीही लेखी म्हणणे पाठवू शकतो, त्याला वकील लागत नाही, शुल्क लागत नाही. पण तोंडी साक्षीला कोणाला बोलवायचे हे समिती ठरवते, आणि बोलावणे बहुधा संघटनांना जाते, कारण त्यांची निवेदने छापील, मुद्देसूद आणि वेळेत येतात. मी नोकरीत असताना एका समितीकडे पोस्टकार्डावर आलेली एक सूचना पाहिली होती. साडेसहा ओळींची. आम्ही तिला इतरांसारखाच अनुक्रमांक दिला आणि ती परिशिष्टात छापली गेली. आजही ती तिथे आहे.

मंजिरी_द
नांगरटदादा, तुमचे नुकसान वाचून वाईट वाटले. आता तरी कोणत्याही प्रदर्शनाआधी निदान तात्पुरते विनिर्देशपत्र, म्हणजे शोधाचे प्राथमिक वर्णन, दाखल करा. त्यानंतर पूर्ण विनिर्देशपत्र द्यायला १२ महिने मिळतात. अर्ज भरायला मी आनंदाने मदत करेन, व्यक्तिगत निरोप पाठवा.

रसायनी
१९७० च्या कायद्याने काय केले हे कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. न्यायमूर्ती बक्षी टेकचंद यांची समिती १९४८ ची, न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांचा अहवाल १९५९ चा, मग दोन संयुक्त समित्या. एवढ्या मंथनानंतर अन्न आणि औषध यांच्या बाबतीत पदार्थावर पेटंट नाही, फक्त कृतीवर, आणि तेही पेटंटवर मोहोर लागल्यापासून पाच किंवा पेटंटच्या तारखेपासून सात वर्षे, यांत जे कमी असेल ते, असे तेव्हा ठरले. २० एप्रिल १९७२ ला हे अमलात आले. वडिलांच्या वहीत त्या वर्षानंतर उजवे पान हळूहळू रिकामे होत जाते.

सह्यकडा
सगळा धागा वाचला. मंजिरीताईंच्या बाजूने एक मुद्दा राहिला आहे. पेटंट कायदा बदलणाऱ्या ३१ डिसेंबर १९९४ च्या अध्यादेशाची जागा घेणारे विधेयक लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले आणि मे १९९६ मध्ये लोकसभा विसर्जित होताच ते व्यपगत झाले. त्यानंतर अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि १९९७ मध्ये निर्णय भारताच्या विरोधात गेला. कागद सुरक्षित होते, पण वेळ गेला तो गेलाच.

जुनी_फाईल
मान्य, पण ते विधेयक समिती कायमची असती तरी व्यपगत झालेच असते. व्यपगत होण्याचा नियम लोकसभेच्या मुदतीशी बांधलेला आहे, समितीच्या स्वरूपाशी नाही. शिवाय १९९३ पासून विभागनिहाय स्थायी समित्या आहेतच. वाणिज्य समितीने जुलै २०२१ मध्ये बौद्धिक संपदेवर १६१ वा अहवाल दिला, तो आवर्जून वाचावा. बौद्धिक संपदा अपील मंडळ बंद करण्याचा फेरविचार व्हावा असे तिने स्पष्ट लिहिले. मंडळ बंदच राहिले, हा भाग वेगळा.

अ‍ॅड_केतकी
आणि २००५ विसरू नये. २६ डिसेंबर २००४ ला अध्यादेश आला, मार्च २००५ मध्ये विधेयक मांडले आणि आठवडाभरात दोन्ही सभागृहांत मंजूर झाले, समितीकडे गेलेच नाही. तरीही कलम ३ (घ) चे आजचे रूप त्याच घाईतून, सरकार आणि डावे पक्ष यांच्या वाटाघाटींतून आले. जुन्या औषधाचे नुसते नवे रूप काढले आणि परिणामकारकता वाढली नाही, तर पेटंट नाही. याच कलमावर सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ ला नोव्हार्टिस या औषध कंपनीचे अपील फेटाळले. उलट सक्तीच्या परवान्याची तरतूद सावकाश, दोन समित्यांतून गेलेली आहे. तिच्यावरून मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून नॅटको कंपनीला पहिला परवाना मिळाला आणि कर्करोगावरच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २,८०,००० रुपयांवरून ८,८८० वर आला. मी त्या सुमारास वकिलीत नवी होते. तो आदेश छापून घेऊन लोकलमध्ये उभ्याने वाचला होता, आणि दादरला उतरायचे राहून गेले होते.

मंजिरी_द
सर्वांचे आभार. माझे मत थोडे बदलले आहे आणि थोडे तसेच आहे. विधेयके तपासायला वेगळी कायमची समिती हवीच, हा आग्रह मी सोडते. जुनी_फाईल काका म्हणतात ते पटले. पण नांगरटदादांचे प्रदर्शन, अर्ज तपासायला लागणारा वेळ, तपासनीसांची संख्या हे विषय कोणत्याच विधेयकात येत नाहीत, म्हणून ते विधेयकापुरत्या समितीपुढेही येत नाहीत. १८३७ च्या समितीपुढे कार्यालयाची इमारत, जळालेले नमुने आणि तपासनीस हेच आधी होते. निदान वाणिज्य समितीची एक उपसमिती दर वर्षी पेटंट कार्यालयाचा वार्षिक अहवाल हातात घेऊन बसावी, एवढी मागणी मी धरून ठेवते.

जुनी_फाईल
ही मागणी लेखी पाठवा. मसुदा मी तपासून देईन. नांगरट यांचा अनुभव त्यात त्यांच्याच शब्दांत असू द्या, दुरुस्त करू नका.

नांगरट
रविवारी लिहून पाठवतो. अवजाराचे चित्रही जोडू का?

जुनी_फाईल
जोडा. मापांसह.